गंगाखेडच्या मुलीनं गाणं शिकायला कुठे जावं: विद्यापीठात की गुरुकुलात?

गंगाखेड तालुक्यातल्या एका ताईंनी विचारलं आहे. मुलगी यंदा बारावी झाली. लहानपणापासून भजनात गाते, गांधर्व महाविद्यालयाची ‘मध्यमा पूर्ण’ ही परीक्षा झाली आहे आणि तिला गाण्यातच पुढे जायचं आहे. गावातले गुरुजी म्हणतात, पदवीच्या मागे लागू नका, तिला निवासी गुरुकुलात नाहीतर एखाद्या मोठ्या गुरूंकडे ठेवा. वडील म्हणतात, विद्यापीठातून संगीतात बी.ए. करू दे, निदान हातात कागद राहील. शेती कोरडवाहू, धाकट्या भावाचं शिक्षण व्हायचंय. काय करावं?

ताई, मी आधी गुरूंच्या घरी राहून शिकले, मग एम.ए. केलं, पुढे महाविद्यालयात संगीत शिकवलं आणि आता घरी शिकवते. दोन्ही वाटा आतून पाहिल्या आहेत म्हणून सविस्तर लिहिते. तुमच्या गुरुजींचं आणि मुलीच्या वडिलांचं, दोघांचंही म्हणणं रास्त आहे. गुरुजींना आज तिचा गळा दिसतो, वडिलांना ती चाळिशीची झाल्यावर काय करेल हे दिसतं. दोघांचं ऐकूनच ठरवायचं आहे.

पण संस्थेचं नाव ठरवण्याआधी एक हिशेब करा. आठवड्याभरात तुमच्या मुलीच्या एकटीच्या गाण्याकडे शिकवणाऱ्याचं लक्ष किती वेळ असणार? पन्नास मिनिटांचा तास आणि वर्गात वीस जण असतील, तर तिच्या वाट्याला अडीच मिनिटं येतात. तेवढ्यात हजेरीही होते आणि पेटीचा भाता भरेपर्यंत निम्मा वेळ जातो. उलट एखाद्या विभागात चार-पाच जणांचा गट असेल आणि शिक्षक रोज प्रत्येकाकडून म्हणून घेत असतील, तर ते विद्यापीठ असूनही तिथे तालीम होते. आणि गुरुकुलाची पाटी लावलेल्या ठिकाणी गुरू महिनोन्‌महिने दौऱ्यावर आणि शिकवणं मोठ्या शिष्यांवर, असंही मी पाहिलं आहे. म्हणून पाटी वाचून काही ठरवू नका.

या हिशेबावर मी इतका जोर का देते, ते तुमच्या मुलीच्या बाबतीत सांगते. आपल्याकडच्या मुलींचा गळा कसा तयार होतो? काकडा, हरिनाम सप्ताह, दिंडी, शाळेतलं स्वागतगीत. पखवाज आणि वीस-पंचवीस टाळांच्या वर आवाज पोचवायचा असतो. त्यातून आवाज मोकळा होतो, दमदार होतो, तार सप्तकात, म्हणजे वरच्या स्वरांत, जायला बिचकत नाही. शहरातल्या कित्येक मुलींना हा मोकळेपणा कमवायला वर्षं लागतात; तुमच्या मुलीला तो जनाबाईच्या गावानं आयता दिला आहे. तो जपायचाच आहे. पण खयाल गायकी, म्हणजे शास्त्रीय गाणं, त्याशिवाय बरंच काही मागते. मंद्र सप्तकात, म्हणजे खालच्या स्वरांत, उतरून तिथे न डगमगता थांबता आलं पाहिजे. आवाज न चढवता स्वर धरून ठेवता आला पाहिजे. भजनात चाल ठेक्याच्या अंगाखांद्यावर जाते. विलंबित एकतालात बारा मात्रांचं आवर्तन इतकं संथ चालतं की तो काळ गाणारीनं स्वतःच्या आलापानं भरायचा असतो आणि तरी सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, चुकवायची नसते. सप्ताहात वाढलेली मुलगी पहिल्या विलंबिताला घाबरून जाते आणि घाईनं समेवर येऊन बसते. तिला थोपवायला समोर माणूस लागतो, आणि तोही रोज.

दुसरी गोष्ट पेटीची. गावात तानपुरा नसतो, म्हणून मुली पेटीवर बोट ठेवून स्वर लावायला शिकतात. पेटीचे बारा स्वर सारख्या अंतरावर बसवलेले असतात. तानपुऱ्याच्या षड्जाशी (सा) जुळणारा शुद्ध गंधार (ग) पेटीच्या गंधारापेक्षा किंचित उतरलेला असतो, आणि यमन गाताना तो फरक कानाला कळतो. पेटीची सवय झालेल्या मुलीला आपण बेसूर आहोत हे स्वतःला कळत नाही. तानपुऱ्यावर बसवून जाणत्या कानानं ऐकून ‘थोडा उतर’ म्हणणारं कुणीतरी लागतं. पुस्तकानं हे होत नाही आणि वीस जणांच्या वर्गातही होत नाही. अठरा ते तेवीस या वयात गळा जे वळण घेतो ते पुढे बदलणं फार अवघड जातं. तुमच्या गुरुजींची तगमग याचीच आहे, आणि मला ती पूर्ण पटते.

आता या दोन वाटा आल्या कुठून तेही थोडक्यात सांगते, कारण त्यावरून त्यांचा स्वभाव कळतो. युरोपात संगीताची कॉन्झर्व्हेटरी नावाची शाळा निघाली ती मुळात इटलीत, नेपल्सच्या अनाथालयांतून. तिथे मुलांना ठेवून घेऊन गाणं-वाजवणं शिकवलं जाई. पॅरिसची प्रसिद्ध कॉन्झर्व्हेटरी १७९५ची. तिथे सगळा भर प्रत्यक्ष सादरीकरणावर असतो आणि विद्यापीठात संगीताचा इतिहास, शास्त्र, संशोधन यांना जास्त जागा मिळते. आपल्याकडे पं. विष्णु दिगंबर पलुसकरांनी ५ मे १९०१ला लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. सर्वांसाठी शाळेसारखे वर्ग आणि ज्यांना गाण्यालाच वाहून घ्यायचं आहे त्यांना ठेवून घेऊन वर्षानुवर्षं तालीम, अशा दोन्ही गोष्टी त्यांनी एका छपराखाली केल्या. पं. भातखंड्यांच्या पुढाकारानं १९२६मध्ये लखनौला मॅरिस कॉलेज उभं राहिलं. तिथे अभ्यासक्रम, ग्रंथ, रागांचं वर्गीकरण यांवर भर होता. बडोद्याला सयाजीराव महाराजांनी १८८६मध्येच मौलाबक्षांच्या हाताखाली संगीतशाळा सुरू केली होती, आणि तीच आज तिथल्या विद्यापीठाचा भाग आहे.

विद्यापीठ म्हणताना मात्र लोक तीन वेगळ्या गोष्टी एकाच नावानं बोलतात, आणि पालक तिथेच फसतात. पहिली म्हणजे तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या कला महाविद्यालयातलं बी.ए., ज्यात संगीत हा इतर विषयांबरोबरचा एक विषय असतो. मुलगी सकाळी मराठीचा तास, मग इतिहास, मग संगीत करून दुपारी घरी येते. शिकवणारे बऱ्याच ठिकाणी तासिका तत्त्वावर असतात, पुढच्या वर्षी ते असतीलच याची खात्री नसते. त्यात त्या शिक्षकांचा दोष नाही, मनापासून शिकवणारे कितीतरी आहेत. पण एवढ्या तासांत गायिका घडत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे विद्यापीठाच्या आवारातला स्वतंत्र विभाग. छत्रपती संभाजीनगरला डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ आहे, नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचं ललित व प्रयोगजीवी कला संकुल आहे. गोविंदभाई श्रॉफ यांच्या नावाची ललित कला अकादमीही संभाजीनगरातच. तिसरी म्हणजे दिवसभर फक्त कलाच शिकवणाऱ्या जागा. पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र १९८७मध्ये सुरू झालं आणि त्याच्या नावातच गुरुकुल हा शब्द आहे. गुरूंची तालीम आणि विद्यापीठाची पदवी यांचा मेळ घालायचा हाच तिथला हेतू. बडोद्याची विद्याशाखा आहे, छत्तीसगडात खैरागढला १९५६पासून केवळ कला-संगीताचं विद्यापीठ आहे. या तिसऱ्या प्रकारात आणि पहिल्या प्रकारात जमीन-अस्मानाचा फरक आहे, जरी दोन्हीकडून मिळणाऱ्या कागदावर पदवीच लिहिलेली असली तरी.

गुरुकुलात काय मिळतं? पहाटेचा खर्ज, म्हणजे खालच्या स्वरांचा रियाज, कुणी चुकवू देत नाही. दिवसभर कानावर चांगलं गाणं पडत राहतं, गुरू दुसऱ्याला शिकवत असतानाही आपण शिकत असतो. गुरूंच्या मागे तानपुऱ्यावर बसायला मिळतं, आणि मैफल कशी मांडायची, राग किती वेळ ठेवायचा, साथीदाराला कसं बोलवून घ्यायचं हे तिथेच समजतं. मी स्वतः हे तानपुऱ्यामागे बसून शिकले, वर्गात मला ते कधीच शिकवता आलं नसतं. कोलकात्याची आयटीसी संगीत रिसर्च अकादमी १९७७ची आहे. निवड गाणं ऐकून होते, निवडलेले विद्यार्थी तिथेच राहतात, त्यांना विद्यावेतन मिळतं. उस्ताद निसार हुसेन खाँ तिथे गुरू होते आणि गायक राशिद खान त्यांच्याच हाताखाली तिथे घडले. हुबळीला गायिका गंगूबाई हनगल यांच्या नावाचं निवासी गुरुकुल आहे. पखवाजाकडे किंवा कीर्तनाकडे ओढा असणाऱ्या आपल्या भागातल्या मुलांसाठी आळंदीची वारकरी शिक्षण संस्था आहे, जोग महाराजांनी १९१७मध्ये काढलेली; तीही गुरुकुलच, फक्त तिचा हेतू निराळा.

गुरुकुल त्या बदल्यात वेळ मागतं. तीन वर्षांनी कुणी प्रमाणपत्र हातात देऊन ‘झालं’ म्हणत नाही. सहा-सात वर्षं कमाईचा विचार न करता राहता येईल का, हे घरात बसून ठरवावं लागेल. आणि मुलगी आहे म्हणून नव्हे, कुणाचंही मूल असलं तरी, राहायची जागा स्वतः जाऊन बघा. तिथे आधीपासून राहणाऱ्या मुलींशी तुम्ही एकट्यानं, गुरूंच्या गैरहजेरीत बोला. तक्रार करायची तर कुणाकडे करायची हे स्पष्ट सांगता येतं का ते विचारा; अंतर्गत तक्रार समितीचं नाव आणि फोन भिंतीवर असला पाहिजे. गुरूंवरची श्रद्धा आणि ही चौकशी यांचा एकमेकींशी झगडा नाही. ज्यांना या प्रश्नांचा राग येतो तिथे मुलीला ठेवू नका, मग गाणं कितीही मोठं असो.

वडिलांच्या काळजीकडे येते. महाविद्यालयात सहायक प्राध्यापक व्हायचं तर सर्वसाधारणपणे संगीतात किमान ५५ टक्के गुणांनी एम.ए. आणि नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा लागते. पदवी नसेल तर गुरूंकडे पंधरा वर्षं शिकलेली मुलगीसुद्धा त्या अर्जात सहसा बसत नाही. गांधर्वच्या पुढच्या परीक्षांबद्दल गावात ‘विशारद म्हणजे बी.ए., अलंकार म्हणजे एम.ए.’ असं सर्रास म्हणतात, पण त्या बोलण्यावर विसंबू नका. ज्या नोकरीसाठी किंवा प्रवेशासाठी ते हवं आहे तिथून लेखी उत्तर घ्या. उलट आकाशवाणीला पदवीशी देणंघेणं नसतं. परभणी केंद्र तुमच्या दारात आहे. तिथे स्वरचाचणी होते आणि बी, बी हाय, ए, टॉप अशा श्रेणी असतात. ऐकणाऱ्याला फक्त गाणं ऐकू जातं. मैफलींवर घर चालवणाऱ्या गायिका अगदी थोड्या. आपल्या भागात बहुतेकींची कमाई शिकवण्या, शाळेतली नोकरी, परीक्षा केंद्र आणि अधूनमधून कार्यक्रम अशी मिळूनच होते, आणि त्यात पदवीचा उपयोग होतो. तेव्हा वडिलांना ‘कागदाचा हट्ट’ असं म्हणू नका. संगीतरत्नाकर हा संगीतावरचा ग्रंथ लिहिणारे शार्ङ्गदेव तेराव्या शतकात आपल्याच देवगिरीला, यादव राजा सिंघणाच्या दरबारी होते, आणि ते राज्याच्या हिशेबाचं खातं सांभाळत. गायिका प्रभाताई अत्रे विज्ञान आणि कायद्याच्या पदवीधर. सुरेशबाबू माने आणि हिराबाई बडोदेकरांकडे शिकल्या, संगीतात डॉक्टरेट केली, आकाशवाणीत काम केलं आणि एसएनडीटी विद्यापीठाचा संगीत विभागही चालवला. शिक्षणानं त्यांचं गाणं कुठे कमी झालं?

आता माझं मत सरळ सांगते. तुमच्या मुलीनं आत्ता पदवीला प्रवेश घ्यावा, पण दिवसभर संगीत शिकवणाऱ्या विभागात. पहिला प्रयत्न पुण्याच्या ललित कला केंद्राचा करा. तिथे नाही झालं तर संभाजीनगर किंवा नांदेड, मात्र त्या शहरात आठवड्यातून निदान तीनदा एकटीला शिकवणारे गुरू आधी नक्की करून मगच. पं. नाथराव नेरळकरांसारख्यांनी संभाजीनगरात पिढ्या शिकवल्या आहेत, त्यामुळे तिथे शिकलेली, शिकवणारी माणसं आहेत. शोधलीत तर सापडतील. जवळ आहे म्हणून जिल्ह्याच्या महाविद्यालयात संगीत हा एक विषय घ्यायचा आणि गुरू नाहीच, हा पर्याय मला अजिबात मान्य नाही. त्यात तीन वर्षं जातात आणि गळा होता तिथेच राहतो.

आत्ताच गुरुकुल का नाही? मध्यमा पूर्णपर्यंत आलेल्या मुलीला राग माहीत असतात, पण एक राग स्वतःच्या बळावर चाळीस मिनिटं मांडणं बहुधा जमत नसतं. मोठ्या निवासी संस्था ज्यांची बैठक थोडीतरी जमली आहे अशांना घेतात. तिनं पुढची तीन वर्षं रोज चार तास रियाज केला, तर एकविसाव्या वर्षी ती तिथे आपल्या जोरावर उभी राहील, हातात पदवीही असेल. त्याच काळात शिष्यवृत्तीसाठी अर्ज करता येतो. केंद्र सरकारच्या संस्कृती मंत्रालयाची तरुण कलाकारांसाठीची शिष्यवृत्ती १८ ते २५ वयोगटाला आहे, दोन वर्षं दरमहा ५,००० रुपये. भारतरत्न पं. भीमसेन जोशी यांच्या नावानं राज्य शासनाचीही एक आहे. कोरडवाहू शेतीच्या घरात हे पैसे म्हणजे गुरूंकडे जाण्या-येण्याचा आणि खोलीच्या भाड्याचा आधार आहे.

माझं मत बदलेल अशी एकच परिस्थिती आहे. एखाद्या खऱ्या गुरूंनी तिला समोर बसवून ऐकलं आणि ‘हिला माझ्याकडे ठेवा’ असं स्वतःहून म्हटलं, आणि तुमची सहा-सात वर्षांची तयारी असली, तर संधी सोडू नका. तेव्हा बी.ए. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून, कुठल्याही विषयात, बाहेरून करू दे. संगीतातच एम.ए. करायचं असेल तर कुठल्या विषयातली पदवी चालते हे त्या विभागाला आधी विचारून घ्या.

विभाग पाहायला जाल तेव्हा इमारत, वाद्यांची खोली, भिंतीवरचे फोटो यांत वेळ घालवू नका. तिसऱ्या वर्षाचे विद्यार्थी गाताना ऐकायची परवानगी मागा. पहिल्या वर्षाची मुलं आपापल्या गुरुजींची असतात. तिसऱ्या वर्षाची मुलं त्या विभागाची असतात. ती सुरात आहेत का, तानपुरा नीट लावता येतो का, सगळी एकाच साच्यातली गातात की प्रत्येकाचं काही वेगळं दिसतं, हे तुमच्या मुलीला पंधरा मिनिटांत कळेल. रियाजाच्या खोलीचं जरूर विचारा. वसतिगृहात पहाटे पाचला खर्ज लावला तर शेजारच्या खोलीतून दार वाजतं आणि भाड्याच्या खोलीत घरमालक नोटीस देतो. कितीतरी मुलींचा रियाज एवढ्याच कारणानं सुटला आहे. विभागाच्या खोल्या सकाळी सहाला उघडत असतील तर ती गोष्ट मोठ्या नावाच्या प्राध्यापकापेक्षा जास्त मोलाची समजा.

प्रवेशासाठी ऐकवायला एकच राग घ्या, तिचा सर्वांत आवडता. विलंबित, मग द्रुत, थोड्या ताना. अभंग विचारला तरच म्हणू दे. लोकांना उंच आवाज आवडतो म्हणून पट्टी, म्हणजे तिचा मूळ सा, चढवू नका. जिथे मंद्र पंचम आरामात लागतो तीच तिची पट्टी, पेटीची काळी चार असो की काळी पाच. आजपासून पेटी बाजूला ठेवून मोबाइलवरच्या तानपुऱ्यावर रोज अर्धा तास फक्त सा आणि खालचे स्वर म्हणू दे, कंटाळा आला तरी.

आणि पुण्याला किंवा संभाजीनगरला जाताना वडिलांना बरोबर न्या. वर्ग चालू असताना त्यांना मागे बसू द्या. शुल्क, वसतिगृह, पुढची नोकरी, रियाजाची खोली हे त्यांनीच विचारावं. गाण्याचं काय विचारायचं ते मुलीला विचारू दे, तुम्ही मधे बोलू नका.